बिनधुराची दहा मिनिटं

हॉस्पिटलच्या तळघरात लॉन्ड्री होती आणि लॉन्ड्रीत तिला सगळे भिंगरी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. वय बावन्न, बांधा ठेंगणा, आणि हात चालायला लागले की दोन आहेत का चार असा पाहणाऱ्याला प्रश्न पडावा. तोंडही तसंच. एक वाक्य संपायच्या आत दुसरं दारात उभं असायचं. नवरा घरीच शिलाईचं मशीन चालवायचा. अबोल माणूस. लग्न झाल्यावर महिन्याभरातच त्याने सांगून टाकलं होतं म्हणे, की माझ्या वाटचंही तूच बोलत जा.

पण तोंडापेक्षा तिचं डोकं जास्त पळायचं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. गॅस बंद केला का, लेक बसमधून उतरली असेल का, उतरली तर फोन का नाही, आणि उतरलीच नसेल तर? एकाला धरून दुसरा, दुसऱ्याच्या शेपटाला तिसरा. तिला वाटायचं, सगळ्यांचीच डोकी अशी असतात. बाकीचे फक्त बोलत नाहीत.

लॉन्ड्रीत एक भलामोठा रोलर होता. दोघी जणी ओल्या चादरीचे दोन कोपरे ताणून धरत आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात देत. पलीकडून चादर कडकडीत होऊन निघे, तिथे आणखी दोघी घडीला उभ्या असत. चादर द्यायला भिंगरी आणि तिची जोडीदारीण शिडी. शिडी म्हणजे जवळजवळ पुरुषभर उंच, हाडकुळी बाई. नऊ वर्षं दोघींची जोडी. एक खाली बघून बोलायची, एक वर बघून. रोलर बंद करायचा लाल खटका भिंगरीच्या बाजूला होता.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. भिंगरीच्या हातात चादर होती आणि डोक्यात भाऊजी. नवऱ्याचा हा थोरला भाऊ सकाळी घरी येऊन गेला होता. आपण त्यांना चहा विचारला तो जरा तुटक तर नाही ना विचारला, एवढीच गोष्ट ती उलटसुलट करून बघत होती. तेवढ्यात शिडीची बाही चादरीबरोबर आत गेली. शिडी ओरडली. भिंगरीला ऐकू आलं, पण ते फार लांबून आल्यासारखं. खटका दाबला, पण दोन सेकंद उशिरा. फार तर तीन. तेवढ्यात शिडीची चार बोटं भाजली.

बोटं वाचली. पण भिंगरीच्या डोक्यात ते दोन सेकंद ठाण मांडून बसले. जिना चढताना, भांडी घासताना, कुणाशी बोलताना मध्येच शिडीची ती हाक ऐकू यायची आणि छातीत असं धडधडायचं की भिंत धरावी लागायची. तिचं बोलणंच आटलं. घर इतकं शांत झालं की नवरा मशीन थांबवून आतल्या खोलीत डोकावून जायचा, ही आहे ना म्हणून.

सुपरवायझरने तिला रोलरवरून काढून मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलं. तिथे गाठोडी सोडायची आणि कपडे वेगळे करायचे. डॉक्टरांनी छाती तपासली, हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं, एक छोटी गोळी लिहून दिली आणि रोज थोडा वेळ शांत बसायला शिका म्हणाले. भाऊजींनी तर एक पाऊल पुढे टाकलं. ते एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, कुणाचाही अर्ज लिहून द्यायला सदा तयार. भिंगरीने नोकरी सोडावी हे त्यांनी ठरवलं आणि राजीनाम्याचा मसुदा करायला घेतला. तिला विचारायचं राहून गेलं.

शांत बसायला शिकवणारा एक वर्ग होता, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, सकाळी सहाला. भिंगरी गेली. पांढऱ्या गाद्या, पांढरे पडदे, आणि लोण्यात बुडवून काढल्यासारखा आवाज असलेले एक सर. मनातले विचार काढून टाका, मन कोरं करा, असं ते सांगत. दोन दिवस तिने डोळे मिटून पाहिलं. विचार काही निघेनात. उलट बाहेरचे चार पाहुणे आत आले. तिसऱ्या दिवशी तिने हात वर केला आणि विचारलं, काढून कुठे टाकायचे? दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत. त्यांनी तिला तिची हकिगत विचारली, तीही वेडी सगळं सांगून बसली. ऐकून घेऊन सर म्हणाले की अपघात हा वरवरचा आहे, मूळ मनाच्या मळात आहे. आपल्याच मनाचा मळ दुसऱ्याच्या बोटावर उतरला.

हॉलमध्ये तीस माणसं होती. भिंगरी उठून उभी राहिली.

"सर, मी बावीस वर्षं हॉस्पिटलचे कपडे धुतेय. मळ कशाला म्हणतात ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. हा मळ नाही. मी काळजी करणारी बाई आहे आणि माझ्याकडून उशीर झाला. त्याचं जे असेल ते मी बघीन."

आणि ती चपला पायात सरकवून जिना उतरली. खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं, की महिन्याभरात एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती.

त्याच पावली ती शिडीच्या घरी गेली. अपघाताला पाच आठवडे झाले होते आणि ती एकदाही गेली नव्हती. रोज निघायची, कोपऱ्यापर्यंत जायची, परत फिरायची. शिडीने दार उघडलं. उजव्या हाताला बँडेज, केस पिंजारलेले.

"आलीस?" शिडी म्हणाली. "मला वाटलं, तुझीच बोटं भाजली."

मग तिने भिंगरीच्या हातात कंगवा दिला आणि पाठ करून बसली. डाव्या हाताने गुंता निघत नव्हता. भिंगरी केस विंचरत राहिली आणि रडत राहिली. शिडीने तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, रोलर कुणाचाही हात ओढतो, तो काही नाव विचारत नाही. त्याचा राग आलाच नाही. तू पाच आठवडे तोंड दाखवलं नाहीस, त्याचा मात्र आला, आणि अजून आहे.

भिंगरीने विचारलं, एवढं दुखत असताना तू काय करतेस? शिडीने सांगितलं, की तिची आई देवापुढे एक ओळ म्हणायची, तीच ती म्हणते. "मी इथे आहे, तूही ये." एवढीच. म्हणायची, हरवायची, परत पकडायची.

"किती वेळा हरवते?"

"मोजलंय कुणी? चादरीचा काठ हातातून सुटला तर आपण चादर फेकून देतो का? परत काठ शोधतो ना, तसंच."

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी जेवणाच्या सुट्टीत तळमजल्यावरच्या प्रार्थनेच्या खोलीत जायला लागली. पेशंटच्या नातेवाइकांसाठी ठेवलेली खोली. चार बाकं, दुधी काचेची एक खिडकी, भिंतीवर काही नाही. कुठल्याही देवाचा माणूस तिथे बसू शकत होता, न मानणाराही. डबा भराभर संपवून ती दहा मिनिटं बसायची.

पहिला आठवडा म्हणजे नुसती मारामारी. "मी इथे आहे" एवढं म्हणेपर्यंत मन लेकीच्या बसमध्ये चढलेलं असायचं. परत आणलं की शिडीची हाक. परत आणलं की भाऊजी. एका दुपारी तिचा संयमच संपला आणि ती मनातल्या मनात देवाशी चक्क भांडली. म्हणाली, हे बघ, चाळीस वर्षं मी तुझ्याकडे शांती मागतेय. नाही दिलीस. नको देऊस, तुझी तू ठेव. पण मी इथून उठणार नाही. हे डोकं पळो, ही छाती धडधडो, दहा मिनिटं होईपर्यंत मी या बाकावर बसणार म्हणजे बसणार. तुला यायचं तर ये, नाहीतर राहू दे.

ती प्रार्थना होती की दमदाटी, कुणास ठाऊक. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिला आपला श्वास ऐकू आला. छाती धडधडत होतीच. ती धडधडत असताना ती बसून राहिली. शिडीची हाक आली, तिने ती पूर्ण ऐकली, कान झाकले नाहीत, आणि हाक संपली. आजवर ती कधी संपलीच नव्हती, कारण भिंगरी आधीच पळून जायची.

महिना असा गेला. मग एकाच दिवशी दोन संकटं आली.

सकाळी भाऊजी राजीनामा घेऊन आले. मोत्यासारखं अक्षर, फक्त सही बाकी. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की तुझी तब्येत नाजूक आहे, डोकं जरा ठिकाणावर नाही, घरात स्वस्थ बसावं, यात कमीपणा नाही. भिंगरीने कागद वाचला. उशीच्या खोळीची घालतात तशी त्याची नीट चौपदरी घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"भाऊजी, अक्षर सुंदर आहे. पण नोकरी माझी आहे, आणि डोकंही. दोन्ही मीच सांभाळीन."

भाऊजींनी धाकट्या भावाकडे पाहिलं, की समजाव आता हिला. शिलाईचं मशीन थांबलं. "दादा," नवरा म्हणाला, "ती सही करणार नाही." आणि त्याने पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली.

दुपारी सुपरवायझर. त्याने तिला प्रार्थनेच्या खोलीतून निघताना पाहिलं होतं. कामगारांची ती जागा नाही, सुट्टी अर्धा तासच आहे, येण्याजाण्यात पाच मिनिटं जास्त जातात, आणि हे असले प्रकार घरी करावेत, असं त्याने सगळ्यांसमोर सुनावलं. रोलर सुरूच होता, पण घडीवरच्या बायकांचे हात थांबले. पूर्वीची भिंगरी असती तर एका दमात पन्नास वाक्यं बोलली असती. आताच्या भिंगरीने आधी एक श्वास पुरा घेतला.

"साहेब, मागच्या आवारात दिवसातून तीनदा माणसं सिगारेट ओढायला जातात. दहा-दहा मिनिटं. बरोबर?"

सुपरवायझरचा हात वरच्या खिशातल्या पाकिटावर गेला. तोही त्यातलाच.

"मला त्यातली एकदाचीच द्या. फक्त बिनधुराची."

कपडे धुणाऱ्या मशीनपाशी उभे असलेले तिघं जमिनीकडे बघायला लागले. सुपरवायझर म्हणाला, असा नियम कुठे आहे? ती म्हणाली, धुराचा तरी कुठे आहे? कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळीच हसली. शेवटी सुपरवायझरने हात झटकले. दहा म्हणजे दहा, अकरावं नको, म्हणाला. भिंगरीने सांगितलं, अकरावं झालं तर बोलवायला या, आणि आलातच तर बसा थोडं, खोली सगळ्यांना मोकळी आहे. तो कधी आला नाही. पण त्यानंतर त्याने घड्याळही पाहिलं नाही.

अपघातानंतर तीन महिन्यांनी शिडी कामावर आली. बोटांवरची कातडी गुलाबी, ताणलेली, पण मूठ वळत होती. तिला दुसरी जोडीदारीण दिली होती. शिडी रोलरपाशी गेलीच नाही. हाताची घडी घालून म्हणाली, खटक्यापाशी भिंगरी उभी राहिली तरच मी चादर देईन. सुपरवायझरला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. जिच्यामुळे हात भाजला तीच हवी? शिडी म्हणाली, हो, तीच. उशीर म्हणजे काय हे तिच्याइतकं इथे कुणाला माहीत नाही.

भिंगरीला बोलावलं. सुपरवायझरने विचारलं, परत लक्ष उडणार नाही याची खात्री देतेस?

खोटं बोलणं सोपं होतं. ती नाही बोलली. "नाही देत. मन पळणारच, त्याचा तो धंदा आहे. पण आता ते पळालं की मला कळतं. कळलं की मी खटका दाबणार, रोलर थांबवणार, आणि का थांबवला म्हणून कुणी मला विचारायचं नाही. चालणार असेल तर उभी राहते."

असली अट लॉन्ड्रीत कुणी घातली नव्हती. सुपरवायझरने दोन दिवस घेतले, मग आठवडाभर करून बघू म्हणाला. त्या आठवड्यात तिने चार वेळा रोलर थांबवला. दर वेळी मळक्या कपड्यांच्या खोलीतून कुणीतरी डोकावून जायचं आणि ती ताठ मानेने उभी असायची, अर्धा मिनिट, मग पुन्हा सुरू. दुसऱ्या आठवड्यात एकदा घडीवरची एक बाई पलीकडून म्हणाली, भिंगरी, थांबव गं, माझं पोर घरी तापलंय, माझं ध्यान नाही. भिंगरीने खटका दाबला. पुढे ती रीतच पडली. भिंतीवर लिहिली गेली नाही, पण सगळ्यांनी पाळली.

ती बरी झाली का? लोक विचारतात. गोळी सहा महिन्यांनी डॉक्टरांनी बंद केली. डोकं आजही पळतं. काही आठवडे वाईट जातात.

गेल्या वर्षी नवऱ्याचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात झालं, तिसऱ्या मजल्यावर, दुपारी. ती त्या दिवशीही खोलीत जाऊन बसली. एकदाही ओळ पुरी झाली नाही. "मी इथे आहे" म्हटलं की मन जिना चढून तिसऱ्या मजल्यावर. भांडून पाहिलं, त्याचाही उपयोग नाही. दहा मिनिटं झाली तशी ती उठली, तळघरात गेली आणि शिडीला म्हणाली, आज नाही जमलं. मला इथे उभी करू नकोस.

शिडीने मान हलवली आणि घडीवरच्या एकीला खटक्यापाशी बोलावलं. भिंगरी पलीकडे गेली आणि गरम चादरी हातात घ्यायला लागली. साडेतीनला वरून निरोप आला, की सगळं नीट पार पडलं. हातातल्या चादरीची घडी पुरी करून तिने ती थप्पीवर ठेवली आणि मग जिन्याकडे निघाली.