दोन रविवारांचा सामना

छोट्या षटकांच्या खेळानं क्रिकेट वाचवलं असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. वाचवलं म्हणजे कुणापासून वाचवलं? आमच्यापासून? आम्ही काय त्याचा गळा धरून बसलो होतो? टीव्हीवर गळ्यात टाय बांधून बसलेली माणसं खेळाच्या भविष्याबद्दल बोलतात तेव्हा मी आवाज बंद करतो. ते भविष्य आमच्या परळीत नव्वदीच्या मधल्या वर्षांतच येऊन गेलं होतं. मी तिथं हजर होतो. नुसता हजर असतो तर एवढा राग आला नसता.

आमचं मैदान थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या, अंगाला होतं. पांढरे कपडे घालून सकाळी गेलो की संध्याकाळी करडे होऊन परत यायचो, कारण वारा फिरला की चिमण्यांची राख मैदानावर उतरायची. खेळपट्टी मुरमाची आणि तिच्यावर काथ्याची मॅट. ती मॅट अंथरायला सहा जण लागायचे आणि कडेनं खिळे ठोकायला अर्धा तास जायचा. लाल चेंडू, पॅड, दोन अंपायर, सगळं रीतसर. फक्त एक गोष्ट आमची आमची होती. आमच्यात कुणी दुकानावर बसायचा, कुणी थर्मलला शिफ्टमध्ये होता, कुणी कारखान्यात, त्यामुळं सलग दोन दिवस मिळणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही सामना दोन रविवारांत खेळायचो. या रविवारी दोन्ही संघांचे पहिले डाव आणि पुढच्या रविवारी दुसरे. मधले सहा दिवस सामना गावात चालायचा. सलूनमध्ये, पानटपरीवर, थर्मलच्या बसमध्ये माणसं वाद घालायची की चौथ्या डावात किती धावा पुरतील. मी कॅप्टन होतो. सोमवार ते शनिवार माझ्या डोक्यात तेच असायचं आणि इतका सुखी मी पुढं कधी झालो नाही.

आमच्या संघात एक लेगस्पिनर होता. माझ्याच वर्गातला, किराणा दुकानदाराचा मुलगा. गळ्यातली लिंगाची डबी शर्टाच्या आत सरकवायची, खाली वाकून जमिनीवरची राख बोटांना चोळायची म्हणजे घाम सुकतो, आणि सहा पावलं चालत येऊन चेंडू सोडायचा, ही त्याची पद्धत. पहिल्या चार-पाच ओव्हरमध्ये तो मार खायचा. आखूड टाकायचा, फुलटॉस टाकायचा. नवा प्रेक्षक म्हणायचा, कशाला ठेवलाय याला? आम्ही हसायचो, कारण आम्हाला ठाऊक असायचं. सहाव्या-सातव्या ओव्हरला त्याचा हात बसायचा, आणि मग जो चेंडू वळायचा तो पाहायला थर्मलचे साहेब लोकसुद्धा गाडी थांबवायचे. त्याला वेळ लागायचा. बस, एवढीच त्याची खोड.

त्या वर्षी त्याच्या वडिलांनी त्याला बजावलं होतं. आप्पा वाईट माणूस नव्हते, पण दुकान मोठं झालं होतं आणि मदतीला दुसरं कुणी नव्हतं. "यंदा जिल्ह्यात नाव आलं तर खेळ, मी आडवा येनार न्हाई. न्हाई आलं तर दिवाळीपासून रविवारबी दुकानात," असं त्यांनी माझ्या देखत सांगितलं. त्यानं मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तू सरांना बोलीव. बाकीचं मी बघतो."

सर म्हणजे बीडचे एक क्रीडाशिक्षक. जिल्ह्याच्या निवड समितीवर होते आणि क्रिकेट कळणारा त्या समितीतला बहुधा तेवढाच एक माणूस. आमचा सामना अंबाजोगाईच्या संघाशी ठरला होता. मी सरांना पत्र टाकलं की दुसऱ्या रविवारी या, दुसऱ्या डावात आमचा पोरगा बघा. त्यांचं कार्ड आलं की येतो.

पहिला रविवार झाला. आम्ही थोडे मागे पडलो, पण त्यानं पाच बळी घेतले, पाचही उशिरा. सामना रंगात होता. सोमवारी दाढी करायला गेलो तर न्हाव्यानं मला गोलंदाजीचे बदल समजावून सांगितले.

बुधवारी मला एका भाऊंचं बोलावणं आलं. नवीन पुढारी, ठेकेदारीतून वर आलेला, वय तिशीच्या आत. रविवारी त्यांचा वाढदिवस होता आणि वाढदिवसानिमित्त त्यांना चषक भरवायचा होता. टेनिस बॉल, आठ-आठ ओव्हर, पहिलं बक्षीस रंगीत टीव्ही. मैदान एकच होतं, आमचं. त्यांनी मला खुर्ची दिली. नुकत्याच आलेल्या परदेशी कंपनीच्या थंड पेयाची बाटली माझ्यासाठी फोडली. मी बी.ए. होऊन घरी बसलेला माणूस, मला तोवर कुणी पुढाऱ्यानं खुर्ची दिली नव्हती.

"तुमचा तो दोन रविवारचा खेळ कोन बघतंय?" भाऊ म्हणाले. "लोकाला निकाल लागतो. तासाभरात निकाल. सिक्स बसला पायजे, लोक उठून नाचले पायजेत."

त्या काळी घरोघरी केबल येत होती आणि पहिल्या पंधरा ओव्हरमध्येच धोपटायची टूम टीव्हीवर निघाली होती. भाऊंनी ती बघितली होती. मी म्हणालो, आमचा अर्धा सामना बाकी आहे. ते म्हणाले, एक आठवडा पुढं ढकला, त्यात काय. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर हो म्हणायला मला एक क्षणही लागला नाही.

मग त्यांनी कागद पुढं केला. "तुमी जानकार. नियम तुमीच लिव्हा. फक्त एक करा, बॉलर लई वेळ टिकू देऊ नका. मजा जाती."

मी नियम लिहिले. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेपासून कौतुक व्हायचं. सुरेख अक्षरात मी लिहिलं: एका गोलंदाजास दोनच षटके. लिहिताना मला माझा दोस्त आठवला का? आठवला. मी स्वतःला समजावलं की बॉलिंग ती बॉलिंग, ज्याला कळतं त्याला दोन ओव्हरमध्येही कळेल. कंपन्यांनी आणि टीव्हीनं खेळ नासवला असं मीही चारचौघांत म्हणतो, म्हणायला ते सोपं आहे. परळीत मात्र कुठली कंपनी आली नव्हती. तिथं मी होतो, आणि हातात पेन होतं.

अंबाजोगाईच्या कॅप्टनला एसटीडीवरून फोन केला. मला वाटलं तो भांडेल, त्यांची बाजू वरचढ होती. तो खूश झाला. तेच अकरा जण घेऊन चषकाला येतो म्हणाला. आमच्या संघातही कुणी विचारलं नाही की अर्धा राहिलेला सामना कधी पुरा करायचा. सगळे टीव्ही कुणाच्या घरी ठेवायचा यावर चर्चा करत होते. सरांना मी कळवलंच नाही. कळवलं असतं तर ते आले नसते, आणि दिवाळीच्या आत पुन्हा कधी येतील याचा भरवसा नव्हता.

नियमांच्या झेरॉक्स काढून गावभर चिकटवल्या होत्या. त्यातली एक माझ्या दोस्ताच्या दुकानाच्या भिंतीवर होती. मी गेलो तेव्हा तो साखर तोलत होता.

"दोनच ओव्हर?" तो म्हणाला. "मला बोटं गरम व्हायला चार ओव्हर लागतेत. आन् टेनिस बॉल, हलकाफूल, त्यो काय वळतोय? कावून लिव्हलं बे तसं?"

"भाऊंचं म्हननं होतं," मी म्हणालो.

त्यानं भिंतीवरच्या कागदाकडं एकदा पाहिलं आणि पुडा बांधायला घेतला.

रविवारी मैदान ओळखू येईना. एका बाजूला मांडव, त्यात सोफे, आणि मांडवामुळं त्या बाजूची सीमारेषा तीस पावलांवर आलेली. आमची मॅट खेळपट्टीवर नव्हती. पाहुण्यांच्या पायांना धूळ लागू नये म्हणून ती फाटकापासून मांडवापर्यंत अंथरली होती आणि तिच्यावरून चपला-बूट चालले होते. लाउडस्पीकरवर एक माणूस बसवला होता. त्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आवाज मोठा होता. माणसं मात्र आली होती. आमच्या सामन्याला पन्नास यायची, त्या दिवशी हजारभर तरी असतील. तेलगावकडून ट्रॅक्टर भरून आली होती. हे मला मान्य करावं लागतं आणि मान्य केलं की आणखी राग येतो.

सर अकराच्या एसटीनं आले. त्यांनी मांडव पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "सामना कुठाय?" मी म्हणालो, "पुढच्या रविवारी ठेवलाय सर. पण तो आज खेळतोय, बघा तुम्ही." त्यांना भाऊंच्या माणसांनी हाताला धरून सोफ्यावर नेऊन बसवलं.

आमची गाठ पहिल्याच फेरीत अंबाजोगाईशी पडली. मी दोस्ताला तिसरी आणि पाचवी ओव्हर दिली. पहिल्या ओव्हरमध्ये तीन सिक्स, तीनही मांडवाच्या बाजूला. लाल चेंडू असता आणि आमचं मैदान असतं तर ते झेल होते. लाउडस्पीकरवाला ओरडला, "शेठ, मापात मारलं!" हजार माणसं हसली. त्याचे वडील तिथंच होते. दुकान बंद करून पहिल्यांदा मुलाचा खेळ बघायला आले होते.

दुसऱ्या ओव्हरमध्येही मार बसला. मग शेवटचा चेंडू. तो त्या हलक्या पिवळ्या चेंडूवरही कसा वळला ते मला सांगता येत नाही. बाहेर पडला आणि आत घुसला. फलंदाज चुकला, आमचा कीपरही चुकला आणि चार बाय गेले. लोकांनी त्या चौकारावर टाळ्या पिटल्या. सर सोफ्यावरून अर्धे उठले होते.

ते सीमारेषेपर्यंत चालत आले आणि त्यांनी मला बोलावलं. तोही माझ्या बाजूलाच पाणी पीत उभा होता.

"ह्याला आणखी दे. आता त्याचा हात बसतोय."

"नियमात न्हाई सर."

"कुणी केले असले नियम?"

मी मांडवाकडं पाहिलं. सरांनीही तिकडं पाहिलं, भाऊंकडं, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. माझा दोस्त तिथं होता. माझं अक्षर तो पहिलीपासून ओळखत होता. त्यानं पेला खाली ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं, मी निदान भांडलो असतो.

आम्ही तो सामना जिंकलो. माझ्यामुळं जिंकलो. मांडवाची बाजू जवळ होती, मी डोळे झाकून तिकडं फिरवत राहिलो आणि बॅट लागत गेली. भाऊंनी मला मिठी मारली. संध्याकाळी फायनल हरलो, तरी शर्टाला राखेऐवजी गुलाल लागला होता आणि मला ते आवडलं, हेही सांगून टाकतो.

अंबाजोगाईशी उरलेला सामना कधीच झाला नाही. मॅट फाटली होती. पुढच्या वर्षी भाऊंनी सिमेंटची पट्टी करून दिली, टेनिस बॉलला ती बरी पडते म्हणून. परळीत आज शेकडो पोरं खेळतात आणि लांब मारतात, मनगटं मजबूत आहेत. चेंडू अडवणं त्यांना अपमान वाटतो. सहाव्या ओव्हरला हात बसणारा पोरगा त्यांच्यात असेलही, पण त्याला सहावी ओव्हर कोण देणार? त्याला स्वतःलाही कधी कळणार नाही. याला भविष्य म्हणतात.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी जिल्ह्याच्या संघाची यादी आली. त्यात माझ्या दोस्ताचं नाव नव्हतं. माझं होतं. समितीतले बाकीचे लोक त्या दिवशी भाऊंच्या शेजारी सोफ्यावर बसले होते आणि वरून म्हणे सांगणं होतं की मारणारी पोरं घ्या. मी यादी घेऊन दुकानात गेलो. त्यानं ती पूर्ण वाचली.

"मी जात न्हाई," मी म्हणालो.

"जा बे. कावून थांबतो? नाव आलंय तुझं." त्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाईक आलं आणि तो उठला. मी गेलो.

दुसऱ्या जिल्ह्याशी सामना होता, लाल चेंडूचा, दोन दिवसांचा, सलग. मी पहिल्या डावात शून्य केलं. उडवायला गेलो आणि मिडऑफला झेल दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची शेवटची जोडी टिकून बसली होती. पट्टी फुटली होती, फलंदाजांच्या पायांजवळ माती उडत होती, आणि आमच्याकडं सगळे नुसते जोरात पळत येऊन टाकणारे. अकरा ओव्हर ती जोडी हलली नाही. पाणी आलं तेव्हा आमचा कॅप्टन घाम पुसत माझ्याजवळ आला.

"सर सांगत होते परळीला कुनी लेगस्पिनर हाय म्हनून. हाय का बे? कसा हाय?"

हाय म्हटलं असतं तर त्यानं पुढचा प्रश्न विचारला असता, मग आणला का नाही.

"न्हाई," मी म्हणालो. "तसं कुनी न्हाई आमच्याकडं."