गोठ्याला थंडी लागू नये म्हणून

यंदा दिवाळीआधीच पहाटेचा गारठा पडू लागला आणि माझं कशातच लक्ष लागेना. आमची थोरली म्हैस व्यायला आली होती. मागच्या हिवाळ्यात तिचं रेडकू गारठून गेलं होतं. शिरोळच्या मळ्यात नदीवरचं वारं थेट गोठ्यात शिरतं. मी खाली उसाचं पाचट अंथरलं आणि उघड्या बाजूंना ताडपत्र्या बांधायला घेतल्या.

"अगं, दुपारी अजून घाम येतोय की!" नवरा म्हणाला.

"येऊ दे. दोरी धरा तेवढी."

सगळं बंद केलं, तरी म्हैस बसेना. पाय बदलत नुसती उभी. वैरणीलाही तोंड लावेना. मी आत गेले, तर मुताच्या वासानं डोळे चुरचुरले. मग मीच विळ्यानं ताडपत्रीची वरची कड कापली. कोंडलेला वास छपराखालून निघून गेला. थोड्या वेळानं म्हैस खाली बसली.

पुढच्या आठवड्यात ती व्याली. नवऱ्यानं रेडीला पोत्यानं खसाखसा पुसलं. ती धडपडत उभी राहिली, तसा तो ओरडला, "जगली की गं!"

मी मात्र तिचे कान गरम आहेत का, ते पुन्हा पुन्हा चाचपत राहिले.