तसबिरीमागची भिंत

माझ्या नातवंडांनो, परवा तुमच्या बाबांचा फोन आला होता. थोरलीला समकालीन कला आणि सांस्कृतिक सिद्धांत या विषयात एम.ए. करायचं आहे आणि हे शिकून माणूस नेमकं करतो काय, असं ते मला विचारत होते. फोनवर मला धड सांगता आलं नाही. हाच विषय शिकलेली एक मुलगी मी फार जवळून पाहिली आहे, म्हणून आता क्रमाने लिहिते. बाबांनाही वाचून दाखवा.

कॉलेजातली माझी इंग्रजीची नोकरी संपली होती. ही मुलगी सिंदीची. आई सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स, वडील लवकर गेलेले. मुलगी नागपुरात एम.ए. करत होती आणि पुस्तकं सगळी इंग्रजीत, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती वर्ध्याला माझ्याकडे वाचायला येई. ती पुस्तकं मलाही जड जात. एकेक वाक्य अर्धं पान चाले. मी त्यातला कर्ता आणि क्रियापद शोधून द्यायची, अर्थ मात्र ती लावायची.

"मॅडम, हा असं म्हणून राह्यला का कोणतीबी वस्तू आपोआप जपण्यासारखी होत नाई. कोणीतरी तसं ठरवते."

एवढ्यासाठी अर्धं पान कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "त्याच्यापाशी कागद होता न."

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी तिने विषय घेतला तो स्वतःच्या घरातली बैठकीची भिंत. त्यांच्या वस्तीत एप्रिलच्या जयंतीआधी घरं रंगवतात. हिच्या घरी बैठकीचा रंग नेहमी निळाच, पण दर वेळी थोडा वेगळा. वडील गेल्यापासून आईने रंग दिला नव्हता, त्यामुळे पोपडे सुटून जुने थर एकाखाली एक दिसू लागले होते. आजोबा टेकून बसत तिथे तेलकट डाग होता. दाराजवळ मुलांची उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. आमच्या लोकांचं संग्रहालय कुठे आहे, असं कोणी विचारलं तर मी या भिंतीकडे बोट दाखवीन, असं तिने प्रबंधात लिहिलं होतं. ते वाक्य मी दुरुस्त करायला घेतलं आणि तसंच ठेवलं.

भिंतीचे फोटो तिने मुद्दाम काढले नाहीत. परीक्षकांनी घरी येऊन, जागेवर उभं राहून ती पाहावी, हा तिचा आग्रह होता आणि विभागाने तो कसाबसा मान्य केला. भिंत हीच तिची परीक्षा होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती नागपूरहून आली, मी वर्ध्याहून गेले. दोघी बरोबरच घरात शिरलो आणि डिस्टेंपरचा वास आला. भिंत कोरी करकरीत निळी झाली होती. डाग, खुणा, थर, सगळं गेलं होतं. आई पदराला हात पुसत बाहेर आली. रजा टाकून, माणूस लावून तिने दोन कोट मारून घेतले होते.

"कसं झालं? मोठे लोक येऊन राह्यले तुह्यासाठी. मळकी भिंत कशी दाखवाव त्यायले?"

मुलगी भिंतीजवळ गेली. मग म्हणाली, "चांगलं झालं, माय." आवाजात राग नव्हता. तिच्याबद्दल मला वाटणारा आदर त्या तीन शब्दांपासूनचा आहे.

नंतर तिने विचारलं, रंग देताना भिंतीवरची बुद्धाची तसबीर उतरवली होती का. आईला तो प्रश्नच आवडला नाही. "तुह्या बापानं लावलेली हाय ते. रंगवाला म्हणे काढा. मी म्हटलं, तिच्या भोवतून मार."

परीक्षक आले, दोघे. चहा झाला. मुलीने प्रबंध उघडलाच नाही. तसबीर तूच उतरव, असं तिने आईला सांगितलं. आईने मेणबत्ती लावली, हात जोडले आणि तसबीर दोन्ही हातांनी खाली घेतली. मागे जुनी भिंत होती, वहीच्या दोन पानांएवढी. एका कडेला पोपडा सुटला होता आणि त्यात चार वेगवेगळे निळे.

ती परीक्षकांना म्हणाली, "काय जपायचं ते कोण ठरवते, यावर मी अख्खा प्रबंध लिहिला. भिंत मायची हाय, हे लिहायचं राहून गेलं."

मग तिने आईलाच बोलायला लावलं. कोणता निळा कोणत्या साली, हे आईलाही नीट आठवेना. एक थर हिच्या जन्माच्या वर्षीचा, एवढं तिने छातीठोक सांगितलं. परीक्षकांनी आईला रंगवण्याबद्दल बरंच विचारलं आणि ती, दवाखान्यात डॉक्टरांना सांगावं तशी, सरळ उत्तरं देत गेली. ते गेल्यावर लेकीला म्हणाली, "आधी सांगतलं असतं तं तुह्यासाठी मळकी ठेवली असती का नाई?"

मुलगी पास झाली, शेवटचं प्रकरण नव्याने लिहून. आता ती एका कॉलेजात हाच विषय शिकवते. तुमच्या बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, की हे शिकलेल्या मुलीला त्या सकाळी कुठे पाहायचं ते कळलं आणि आईला दुखवावंही लागलं नाही.

सिंदीचं घर अजून आहे. दर एप्रिलला आई बैठक रंगवते, तसबिरीच्या भोवतून. मागचा जुना तुकडा तसाच आहे.