अर्धेच अंडे मावत होते

कुत्र्यानं अंड्यावर बसलेली गावरानी खुडूक कोंबडी उचलली तवा मी पोरीले पाजून राह्यली होती. तशीच धावली, पोरगी काखेत, पदर कुठच्या कुठं. कुत्रं नाल्याकडं पळालं. अंगणात निस्ते पखं राह्यले, अन् टोपल्यात अंडे. हात लावला त गरम. एकेक कानाले लावलं, आतून टकटक. जीवंत होते सारे! अन् हिवाळ्याचं वारं सुटलेलं. आता यायले ऊब कोण दीन?

लाल कोंबडी समोरच उभी होती. तिची जात अमेरिकेतून आली म्हणतात. अंडे मोठाले, भुरे, अंगानंबी भरते, पण अंड्यावर बसाचं तिले ठाऊकच नाही. म्हणून तिचे अंडे आम्ही गावरानीखाली ठेवतो. टोपल्यात अर्धे लालीचे होते, अर्धे गावरानीचे सोताचे. लालीले उचलून बसवलं, त पाव्हणीवानी उठून चालली. कडकनाथ सातपुड्यापल्याडची, झाबुव्याची, हाडापर्यंत काळी. ती त हातातच आली नाही, छपरावर जाऊन बसली.

मंग मीच टोपलं मांडीत घेऊन उन्हात बसली. अंड्यावर पदर, पोरगी छातीशी. डोळा लागल्यावानी झालं. पोरगी चोखे अन् मले वाटे, टकटक माह्याच पोटात होऊन राह्यली. गावरानी कुठून आली असन? तिचा मुलूख कोणी सांगत नाही. माहेराहून येताना मायनं तिची माय टोपल्यात झाकून देली होती. अंगानं लहान, अंडे थोडे, पण पिल्लं असले का सापावरबी धावे.

"झोपली काय व?"

सासू होती. शेजारची खुडूक कोंबडी मांगून आणली होती तिनं.

"आई, ही त लय लहान हाय."

"मंग तू बस रातभर! सयपाक लाली करन."

कोंबडीखाली अर्धेच मावत होते.

"लालीचे ठेव," सासू म्हणे, "पिल्लं मोठे झाले का भरपूर अंडे देतीन."

"गावरानीचे ठेवू, आई."

"काऊन?"

"घरातून तिची जात गेली त पुढं साऱ्याइचे अंडे कोण उबवन?"

"अन् घरात अंडे कमी पडले त पोरीच्या ताटात काय वाढशीन?"

मी दोन अंडे उचलले. पोरगी मांडीवर गाढ झोपली होती. माह्या एका हातात लालीचं भुरं अंडं, दुसऱ्यात गावरानीचं पांढरं. दोन्हीत टकटक.

तुम्ही असत्या त कोणतं ठेवलं असतं?