शनिवारचं तेल

आमच्या घरी शनिवारी दोघांना तेल वाहिलं जायचं. आधी चौकातल्या मारुतीला आणि मग बाटलीत उरलेलं बाबांच्या लाकूड चिरायच्या कटर मशीनला. बाबा सुतार. दारव्ह्याला घराला लागूनच त्यांचं टिनाचं दुकान, आणि दुकानाच्या मधोमध ही मशीन. तिने आम्हाला जेवू घातलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. तिच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या टेबलावर बाबा तळहाताने तेल फिरवायचे आणि कपाळाला हात लावायचे. तिला तेल मिळतं यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

यंदा दिवाळीला यवतमाळहून माहेरी आले तर बाबा दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. दुकान बंद नव्हतं, पण मशीनचा आवाजही नव्हता. सागाची फळी पात्यापर्यंत ढकलताना खांद्यातून कळ निघायची. डॉक्टर म्हणाले, वय झालं. एवढे दोन शब्द बाबांनी असे मनावर घेतले की वणीच्या एका दुकानदाराला मशीन विकायचं कबूल करून बसले. तो रविवारी पाहायला येणार होता.

"फळी सरकत नाही आता माह्याच्यानं," ते म्हणाले. "म्हातारपण आलं. कायले ओढूनताणून करायचं?"

आई चुलीपाशी पुटपुटली, "हा माणूस रिकामा बसला त महिनाभरात खाटेले खिळते, पाहून घे."

मला ते पटलं, आणि भीतीच वाटली. बाबांना हातात लाकूड नसताना मी कधी पाहिलंच नव्हतं. खुर्चीतला तो माणूस मला परका वाटत होता.

मी दुकानात गेले. मशीन बंदच होती. टेबलावर एक फळी ठेवली आणि ढकलली. ती हलेना. मी काही नाजूक बाई नाही, एसटीत धक्के देऊन जागा मिळवणारी आहे. तरी अंगाचा भार टाकावा लागला. फळी उचलली आणि टेबलावर बोट फिरवलं तर बोट चिकटलं. इतक्या वर्षांचं शनिवारचं तेल, त्यावर बसलेला भुसा, त्यावर पुन्हा तेल. तपकिरी खपली झाली होती सगळी.

मग मला राग आला. कोणावर ते माहीत नाही. मेन स्विच पाडला, पातं खाली घेतलं आणि रॉकेलचा बोळा घेऊन भिडले.

बाबा दारातून ओरडले, "काय करून राह्यली व? पूजेचं तेल काहून खरडून राह्यली?"

"मारुती जागचा हलत नाही बाबा, त्याले तेल चालते," मी म्हटलं. "याच्यावरून फळी चालली पाह्यजे ना!"

त्यांनी खुर्ची रस्त्याकडे फिरवली. रागावले असावेत.

आईच्या माहेरच्या गावात एकदा मारुतीची शेंदराची खोळ गळून पडली होती. आतली कोरीव मूर्ती पाहून गाव हात जोडून उभं राहिलं, असं आई सांगते. मला ते पटायचं नाही. पण त्या दुपारी एका कोपऱ्यातली खपली सुटली आणि खाली लोखंड दिसलं. स्वच्छ, करडं, त्यावर कारखान्यात घासलेल्या बारीक रेघा. या मशीनशेजारी मी लहानाची मोठी झाले, आणि तिचं तोंड आज पहिल्यांदा पाहत होते. माझे हात थांबले. बाबा कधी शेजारी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही.

"आणली तवा अशीच होती," ते हळूच म्हणाले.

लोखंड उघडं ठेवलं तर गंजणार. मोबाईलवर शोधाशोध केली, आणि दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून लाकडी सामानाला लावायच्या घट्ट मेणाचा डबा आणला. दिवस शनिवारच होता. फडक्यावर थोडंसं मेण घेऊन पातळ फिरवलं. ते वाळून धुरकट झालं, तेव्हा आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने घासून काढलं. घासता घासता फडकंच हाताखालून निसटू लागलं.

बाबांनी फळी ठेवली. दुखऱ्या हाताने नाही, डाव्या हाताने जरासा रेटा दिला. फळी टेबलावरून सरसर गेली आणि पलीकडून खाली पडणार तोच मी धरली. आवाजही झाला नाही. आई दारात येऊन "अरे बाप्पा!" एवढंच म्हणाली. बाबांनी फळी परत घेतली, पुन्हा ढकलली. मग नुसत्या एका बोटाने. ती गेली. एक चिमूटभर मेण, आणि एवढं मोठं लाकूड पाण्यावर सोडल्यासारखं जात होतं.

रविवारी वणीचा माणूस आला. बाबा फळी चिरत होते. खांदा दुखतच होता, मधूनमधून तोंड वाकडं होत होतं, पण फळी जात होती. मशीन थांबल्यावर पाहुण्याने टेबलावरून हात फिरवला आणि विचारलं, "मशीन त नवीकोरी हाये. मंग विकता कायले?"

बाबांनी अंगावरचा भुसा झटकला.

"नाही विकत," ते म्हणाले. "मी म्हातारा नोतो झालो गा. निस्तं तेल साचलं होतं."