सतरा दिवसांच्या खासदारबाई

राज्याच्या कचेरीत, जिन्यासमोरच्या भिंतीवर दोन लाकडी फळे होते. डावीकडच्या फळ्यावर देशाच्या संसदेत राज्यातर्फे आज बसणारे नऊ खासदार. उजवीकडे पूर्वीचे, अगदी पहिल्यापासूनचे. कुणाची मुदत संपली की पेंटरकाका डावीकडचं नाव पात्याने खरवडत आणि तेच उजवीकडे, शेवटच्या ओळीखाली लिहीत. एकतीस वर्षं हेच.

तारखेवरून वाद झाला की कचेरीतले लोक फाइल काढत नसत, फळा बघून येत. काकांची मान त्यामुळे जरा ताठच असे. पुढच्या महिन्यात याच फळ्यांवरून दगडी पाटी कोरली जाणार होती.

एका मंगळवारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"माझी ताई दिसत नाही हो इथे."

"कोणत्या साली होत्या?" काकांनी विचारलं.

त्यांनी साल सांगितलं. बावीस वर्षांपूर्वीचं. "पोटनिवडणुकीत निवडून आली. सतराच दिवस होती. अठराव्या दिवशी सकाळी गेली."

काकांना आठवलं. नावाची चिठ्ठी त्यांच्या हातात आली होती. पण बायको दवाखान्यात होती, धाकटी जन्मायची होती. "आल्यावर लिहितो," म्हणून ते सुट्टीवर गेले. परत आले तेव्हा बाई राहिल्या नव्हत्या. डावीकडे नाव लिहिलंच नव्हतं, म्हणून खरवडायला काही नव्हतं. खरवडलं नाही, म्हणून उजवीकडेही लिहिलं नाही. दोन फळ्यांच्या मध्ये बाई हरवून गेल्या.

इथे फक्त पूर्ण मुदतीचे लिहितात, हे वाक्य काकांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"चूक माझी आहे, बाई."

"मला वाटलं, तुमच्यात काही नियम असेल."

"नियम नाही. मी सुट्टीवर होतो."

शिक्षिका हसल्या. "ताईपण शिक्षिकाच. उशिरा येणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायची. मलासुद्धा सोडलं नाही कधी."

मागे येऊन उभ्या राहिलेल्या हेडक्लार्कबाईंनी कपाळाला हात लावला. "सगळ्यात खाली लिहून टाका ना, काका! एका ओळीची जागा आहे. कुणाला कळतंय?"

"क्रम चुकेल."

"अहो, मधे घालायचं तर खालची चौदा नावं खरवडावी लागतील."

"हो."

"आणि साहेबांना काय सांगू? फळा चुकला?"

"मी चुकलो म्हणा."

"एवढ्या वर्षांचं नाव घालवाल एका ओळीपायी," त्या म्हणाल्या. पण दगड कोरणाऱ्याला आठवडाभर थांबायचा निरोप त्यांनीच धाडला.

घरी बायकोने ऐकून घेतलं. "मी तेव्हाच सांगत होते, जाऊन लिहून या. बाळ काय पळून जाणार होतं? तुम्ही आपले पाळण्याला चिकटून."

"मुलग्यांच्या पाठीवर पहिल्यांदाच मुलगी झाली होती," काका म्हणाले.

बायकोने त्यांचं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी खालून सुरुवात केली. आपलीच अक्षरं, एकेक करून. पात्याखाली सोनेरी भुगा पडत होता. येणारे-जाणारे थबकत होते. "काय काका, सगळ्यांना घरी पाठवलं का?" कुणीतरी विचारलं. काकांनी मान वर केली नाही. संध्याकाळपर्यंत चौदा ओळी कोऱ्या झाल्या. मग त्यांवर काळ्या रंगाचा हात दिला आणि दोन दिवस वाळू दिला.

शनिवारी शिक्षिका आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. बाकावर बसल्या.

काका स्टुलावर चढले. "आडनाव माहेरचं की सासरचं?"

"उमेदवारी अर्जात माहेरचं होतं. मधे वडिलांचं नाव."

काकांनी तसं लिहिलं.

"तारखा दोन्ही घाला," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही घातल्या. महिना एकच होता.

शिक्षिका उठून जवळ आल्या, खाली उभ्या राहून नाव वाचलं, आणि पुन्हा जाऊन बसल्या. खाली चौदा नावं बाकी होती. काकांनी कुंचला बुडवला.