पाइपाच्या पोटातली शिवण

कुणी विश्वास ठेवला नाही माझ्यावर. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर "मावशी, तेव्हाच बोलायचं ना!" असं कुणी म्हणायला नको. बोलले होते! भांडुपच्या आमच्या वर्कशॉपात अठरा वर्षं पाइप कापतेय. इथले किस्से लोखंडाच्या किसासारखे साचतात. कितीही झाडा, चपलेला चिकटून घरी येतात.

*

एकदा माहुलच्या तेल कंपनीच्या भंगारातून पाइप आले. मी म्हटलं, "वास येतोय. आधी धुवा."

आमचा वेल्डर जोसेफ म्हणाला, "मावशी, तुला चहालापण वास येतो!" आणि लावला गॅस. भक्कन जाळ! धूर गेला तर तोंड शाबूत, भुवया गायब.

कपाळावर हात फिरवत म्हणतो कसा, "हां... आता येतोय वास."

*

मग ते जिन्याचं रेलिंग. एक पाइप चार बोटं कमी पडला. कुणी कापला? कुणीच नाही! पाइप आपोआप आखूड झाला!

मालक दिनूदादा भडकले. "आजपासून जो कापेल, तो पाइपाच्या तोंडाशी आतून खिळ्याने आपलं नाव कोरेल!"

बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. मी नाही केलं. चौथीच शिकलेय, पण नाव लिहिता येतं. सुनंदा. ठसठशीत कोरायचे.

जोसेफ हसला. "एकदा जोडल्यावर आत कोण बघणार, मावशी?"

*

मुलुंडचा नितीन वडिलांची जुनी रेसची बाइक घेऊन आला. बरोबर बायको, शीतल. वडील गेलेले. जुन्या गाड्यांच्या रेसमध्ये त्यांचाच नंबर लावून उतरायचं, एवढाच ध्यास. पण फ्रेमला हँडलखाली तडा. तिथे वरून दोन पाइप जोडून मजबुती द्यायची होती.

दादांनी वर्कशॉपातलाच एक पाइप काढला. चकचकीत, हलका. मी आत बोट घातलं. उभी रेघ लागली.

"ह्याच्या पोटात शिवण आहे. पत्रा वळवून जोडलाय. कुर्ल्याहून अखंड पाइप आणा, जाडसर."

"मावशी, पाइप आहे, ब्लाउज नाही!" जोसेफ बोलला. सगळे खो खो. नितीनपण.

"रेसची गाडी आहे ना मावशी, हलकीच पाहिजे," नितीन म्हणाला.

"रेलिंगचा पाइप आहे रे हा. टेकायला ठीक. ह्याच्यावर जीव टांगू नको!"

शीतल एकटी हसली नाही. "खरंच का हो दादा?"

दादा म्हणाले, "वहिनी, मावशी चौथी शिकल्यात."

*

मी गप्प बसणारी नाही. त्याच पाइपाचा तुकडा कापला, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून दाबला. शेंग उकलावी तसा शिवणीवर उकलला. नेऊन दादांच्या टेबलावर आपटला.

दादांनी तो उलटासुलटा करून बघितला. "मावशी, व्हाइसमध्ये कोण बाइक चालवतं?"

रेस रविवारी होती. कुर्ल्याला जायला कुणाला वेळ नव्हता. मला वाटलं, मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी वाकडा कापेल, जोड नीट बसणार नाही. तेवढीच माझी अक्कल. कापला. सरळ कापला. आणि नियम तो नियम, खिळा घेतला.

*

नितीनचं तेरावं झाल्यावर टेम्पोतून फ्रेम परत आली. बरोबर शीतल, एकटी.

दादा म्हणाले, "वहिनी, फ्रेमच जुनी होती."

जोसेफ पुढे झाला. "माझा जोड बघा. जसाच्या तसा!" खरंच होता. पाइपच उभा फाटून उघडला होता.

शीतलने विचारलं, "मग चूक कुणाची?"

जोसेफ बुटाकडे बघत राहिला. मी मशीनपाशी उभी होते.

शेवटी दादा म्हणाले, "जो कापतो, त्याचं नाव आत असतं."

तिने मोबाइलचा टॉर्च लावला. वाकली. बोटाने किस पुसला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं,

"सुनंदा."